बेकरीवाल्याच्या गाडीचं पासिंग

बाबा जर्मनीत माझ्याकडे आखनला आले तेव्हा व्हिसाच्या अर्जात न लिहिलेल्या दोन गोष्टी त्यांच्याबरोबर आल्या. एक, पहाटे चारला उठायची सवय. आणि दुसरी, बॅगेच्या तळाशी चार प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली अर्धा किलो सुकट. एसटीच्या चिपळूण डेपोतली पहिली गाडी त्यांनी इतकी वर्षं काढली होती की निवृत्तीनंतरही घड्याळाआधी त्यांचे पाय जमिनीला लागायचे. आमचं घर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं, लाकडी जमिनीचं. त्या जमिनीवर मांजर चाललं तरी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेनार्ट्झना, म्हणजे लेनार्ट्झबाईंना, कळायचं, तिथे बाबांसारखा धिप्पाड माणूस म्हणजे विचारायलाच नको. घरात माझ्याबरोबर काट्रीन राहायची. ती आर्किटेक्चर शिकत होती आणि ते शिक्षण संपवायची तिला काही घाई नव्हती. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर दोघींचं एक. पहिल्याच पहाटे ती पाणी प्यायला उठली आणि खिडकीशी पांढऱ्या बनियनमधला उंच माणूस उभा बघून किंचाळली. मी धावत गेले. बाबा शांतपणे खाली बसस्टॉपकडे बोट दाखवून मला म्हणाले, "पहिली गाडी दोन मिनिटं आधी आली गो. पण वेळ होईस्तोवर थांबून राहिली. चांगला माणूस आहे." काट्रीनला मी याचं भाषांतर करून सांगितलं. ती हसली, आणि पहाटे सव्वापाचला आम्ही तिघांनी आल्याचा चहा घेतला.

आई आली नव्हती. वहिनीचे दिवस भरत आले होते आणि आईचं म्हणणं असं की बाळ काही कोणाच्या व्हिसासाठी थांबत नाही. म्हणून बाबा एकटेच, तीन महिन्यांसाठी. मला वाटलं होतं, आता लॅबमधून आल्यावर यांच्यासाठी रोज पोळ्या लाटाव्या लागणार. पण तिसऱ्या दिवशी घरी आले तर जिन्यातच कुळथाच्या पिठल्याचा वास. बाबा ओट्याशी उभे राहून तांदळाची भाकरी थापत होते, आणि भाकरी आईच्या भाकरीपेक्षा पातळ होती. जन्मात मी त्यांना घरात गॅस पेटवताना पाहिलं नव्हतं. "मुक्कामाची गाडी असली की कोण घालणार जेवायला?" ते म्हणाले. "गावाच्या टोकाला गाडी लावायची, स्टोव्ह काढायचा. कंडक्टर कांदा चिरणार, मी भाकरी. सकाळी पुन्हा गाडी काढायची." मग घरी कधी का नाही केलंत, असं मी विचारलं. "घरी तुझ्या आईचं स्वयंपाकघर. तिथे आपण कशाला लुडबुड करायची?" सव्वीस वर्षांची झाले होते मी, आणि माझ्या बापाला स्वयंपाक येतो हे मला जर्मनीत कळलं.

सुकट मात्र त्यांनी एका रविवारी खिडक्या बंद ठेवून भाजली. दुसऱ्या दिवशी जिन्यात चिठ्ठी लागली, सुबक अक्षरात, कृपया हवा खेळती ठेवावी. बाबांनी ती माझ्याकडून वाचून घेतली, मान हलवली, आणि एका ताटलीत सुकटीची चटणी आणि भाकरी घेऊन स्वतः खाली गेले. फ्राऊ लेनार्ट्झनी ती खाल्ली की फेकली देव जाणे. पण ताटली परत आली ती आलुबुखारच्या केकचे दोन मोठे तुकडे घेऊन. त्यानंतर त्या बाबांना जिन्यात भेटल्या की हवामानावर जर्मनमध्ये बोलायच्या आणि बाबा दर वाक्याला "गेनाऊ" म्हणायचे. अगदी बरोबर, असा अर्थ असलेला हा एकच शब्द त्यांनी उचलला होता. तो त्यांना सगळीकडे पुरला.

दिवसभर मी लॅबमध्ये असताना बाबा बसस्टॉपच्या बाकावर जाऊन बसत. इथेही समोरासमोर दोन बस आल्या की ड्रायव्हर एकमेकांना हात करतात हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं होतं. चिपळूणला करतात तसाच, स्टिअरिंगवरून बोटं उचलून. चौथ्या दिवशी त्यांनी बाकावरून हात केला. तेहतीस नंबरच्या ड्रायव्हरने, जाड मिशांवाला होता तो, आधी दचकून बघितलं आणि मग उलट हात केला. झालं. माणूस माणसाला कळायला एवढं पुरतं. आठवड्याभरात बाबा त्याच्या मागच्या सीटवर बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन येऊ लागले. चालकाशी बोलू नये, अशी पाटी वर लावलेली होती आणि बाबांना ती मनापासून पटलेली होती. दोघं पाऊण तास न बोलता जायचे आणि पाऊण तास न बोलता यायचे. संध्याकाळी मला सविस्तर वृत्तांत मिळायचा, कुठे खोदकाम चालू आहे, कुठल्या चढाला गिअर उशिरा पडतो.

आता माझ्याबद्दल. मी गिअरबॉक्सचा आवाज मोजायचे. विद्यापीठातल्या एका बंद खोलीत, भिंतींना फोम लावलेला, मधोमध एक गिअरबॉक्स फिरतोय, चारी बाजूंनी मायक्रोफोन, आणि बाहेर मी. तीन वर्षं झाली होती. प्रोफेसरांच्या मते अजून दोन तरी लागणार होती. बाबांनी चिपळूणला डेपोभर सांगितलं होतं, माझी नंदू गिअरचा आवाज मोजते, जर्मनीत, डॉक्टर होणार आहे त्यातली. मला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा त्यांनी सगळ्या शेड्यूलच्या ड्रायव्हर-कंडक्टरना पेढे वाटले होते. एका क्लीनरने विचारलं म्हणे, की साहेब, आवाज मोजायला जर्मनीला कशाला जायचं, आमच्या गाडीत बसा. बाबा ही गोष्ट हसत सांगायचे, पण त्यातला अभिमान लपायचा नाही.

माझ्या नावाआधी डॉक्टर काही लागलं नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव त्यासाठी टांगणीला नको. आज उंटरश्लाइसहाइम या जर्मन गावातल्या आमच्या ऑफिसात निम्म्या दारांवर डॉक्टर आहेत, माझ्या दारावर नुसतं नाव आहे, आणि कामं दोन्हीकडे सारखीच येतात. त्या उन्हाळ्यात टांगणीला होता तो माझा जीव. सोडायचं हे मी ठरवलं होतं. ते बाबांना कसं सांगायचं, हे मला कळत नव्हतं.

सोडायचं खूळ डोक्यात आलं ते एका पुस्तकामुळे, असं मी पुढे कैक वर्षं सांगत आले. आमच्या रस्त्यावर लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात घालून फुटपाथवर ठेवायचे, वर चिठ्ठी, घेऊन जा. कप, दिवे, एकदा तर चांगली कढई. तशाच एका खोक्यात मला ते इंग्रजी पुस्तक मिळालं. पाठीचा कणा मोडलेलं, मधल्या पानांवर कॉफीचा डाग. महायुद्धानंतरची अमेरिका, काही तरुण मुलं, आणि त्यांचं या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाणत सुटणं. कशासाठी जातात, त्यांनाही माहीत नाही. लिहिणारा त्यातलाच एक. काट्रीन माझं नाव लांबवून नांदा करायची; ती म्हणाली, "हे सगळे जण विसाव्या वर्षी वाचतात, नांदा. तुला उशीर झालाय." मला उशीर झालाच होता. म्हणूनच कदाचित ते इतकं लागलं. पहिली ते पीएच. डी. मी एकाच रांगेत उभी होते, कधीही बाजूला न झालेली. रात्री उशीवर डोकं ठेवलं तरी कानात तो गिअरबॉक्स फिरत राहायचा. मला भीती वाटायला लागली होती की फोमच्या त्या खोलीबाहेर उभं राहण्यातच माझं तारुण्य संपणार.

काट्रीनकडे गाडी होती. एका बेकरीवाल्याने विकायला काढलेली जुनी डिलिव्हरी व्हॅन, बाजूवर ब्रेडचं फिकट चित्र, आत अजून पिठाचा वास. बेत असा होता की सप्टेंबरात निघायचं, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, आणि मग पुढे बघू. पुढे बघू, या दोन शब्दांवर आम्ही दोघी जीव टाकत होतो. बाबांना मी सांगितलं होतं की सहा आठवड्यांची रजा घेऊन मैत्रिणीबरोबर फिरायला जातेय. राजीनाम्याचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये लिहून तयार होतं. त्यांचं विमान सुटलं की ते पोस्टात टाकायचं आणि प्रोफेसरांच्या हाती पडायच्या आत आखन सोडायचं, असं मी ठरवलेलं. शूरपणा एवढाच.

पुस्तक बाबांच्या हाताला लागलं ते मुखपृष्ठावरच्या रस्त्यामुळे. "ड्रायव्हरची गोष्ट आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, म्हणजे तशी. मग रोज जेवणानंतर वाचन सुरू झालं. त्या दिवसांत ऊन रात्रीचे साडेनऊ झाले तरी समोरच्या भिंतीवरून हलायचं नाही. बाबा बाल्कनीत स्टुलावर, हातात अडकित्ता, आणि मी दारात बसून इंग्रजी वाचत मराठीत सांगायचे. बाबांसारखा श्रोता कुठल्याही लेखकाला मिळू नये. "हे रात्रभर चालवतात, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवतात. झोपतात कधी?" "पाणी कोण बघतं रेडिएटरचं?" एका प्रसंगाला ते फारच अस्वस्थ झाले. "ती पोरगी होती ना बरोबर, तिचं काय झालं? मागे ठेवली?" मी म्हटलं, हो बाबा, ती मागे राहिली. "अशी कशी ठेवली? सांगितलं तरी का तिला, गाडी कधी सुटणार ते?" मी पानं उलटून बघितलं. सांगितलं नव्हतं. सगळ्यात बेफाम चालवणारा जो गडी होता त्याच्याबद्दल त्यांचं मत असं झालं की माणूस वाईट नाही, आईबापांशिवाय वाढलेला दिसतो, पण त्याला लायसन कोणी दिलं ते बघायला पाहिजे.

ते पुस्तक आजही माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी माझ्या लेकीने वाचलं. तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, दी झिंट या आले टोटाल एगोइस्टिश." आई, हे सगळे नुसते आपमतलबी आहेत, म्हणाली. मी वाद घातला नाही. मात्र मला वाटून गेलं, आजोबांनी हेच सांगितलं होतं, पण त्या माणसांवर न रागावता.

वाचन सुरू झाल्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी बाबांनी अडकित्ता मिटला आणि म्हणाले, "तुमची गाडी मी आधी बघणार." काट्रीनने मोठ्या उत्साहाने व्हॅन दाखवली. बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले, टायर नखाने दाबून पाहिले, मग शर्ट काढून काट्रीनच्या हातात दिला आणि फुटपाथवर उताणे झोपून गाडीखाली गेले. फ्राऊ लेनार्ट्झ खिडकीत आल्या. बाबा बाहेर आले ते बोटावर गंजाचा पोपडा घेऊन. "ब्रेकची नळी," ते म्हणाले. "घाटात एकदा जोरात पाय दिलात की गेली." मी म्हटलं, बाबा, इथे घाट नाहीत. "पोर्तुगालपर्यंत सगळं सपाट आहे?" त्यांनी बोटं पुसली. "पासिंग कधी आहे गाडीचं?" काट्रीनने कागद काढले. सरकारी तपासणीची मुदत त्याच महिन्यात संपत होती. तिने ती जाऊन परत आल्यावर करायचं ठरवलं होतं. मी याचं भाषांतर केल्यावर बाबा तिच्याकडे ज्या नजरेने बघत राहिले, ती भाषांतराशिवाय पोचली.

गावाबाहेर एक गॅरेज होतं, तिथे जागा आणि हत्यारं भाड्याने मिळायची, गाडी आपली आपण दुरुस्त करायची. मालक विर्ट्झ, पोट सुटलेला, कमी बोलणारा. बाबा ड्रायव्हर होते, मेकॅनिक नव्हेत. पण ब्रेकडाऊन झालेल्या गाडीखाली मेकॅनिकच्या शेजारी बॅटरी धरून इतक्या वेळा झोपले होते की कुठे काय दुखतंय ते त्यांना कळायचं. ते दाखवत, विर्ट्झ करत. सुरुवातीला दोन दिवस मी दुभाषी म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझी अडचणच होतेय. बाबा हात पुढे करत, विर्ट्झ त्यात बरोबर हवा तो पाना ठेवत. "आल्झो," तर मग अशा अर्थाने विर्ट्झ म्हणत. "गेनाऊ," बाबा म्हणत. ब्रेकच्या नळ्या बदलल्या, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर, पुढचे दोन टायर. तीन महिन्यांच्या मुक्कामातले तीन आठवडे माझ्या बापाने माझ्या पळून जायच्या गाडीखाली काढले. संध्याकाळी ते काळ्या हातांनी, खूश होऊन घरी यायचे आणि मला ड्रॉवरमधलं पत्र आठवायचं.

मग माझी पाळी आली. "आता तू चालवून दाखव." माझं भारतातलं लायसन इथे सहाच महिने चालायचं, म्हणून मी परीक्षा पुन्हा दिली होती आणि पहिल्या खेपेला नापास झाले होते. ती हकीकत मी घरी लपवून ठेवली होती, आता सांगावी लागली. एका खेड्यात अरुंद रस्ता, दोन्हीकडे घरं, पुढे आंधळं वळण. आणि मी बाबांनी शिकवल्याप्रमाणे लांबलचक हॉर्न दिला. परीक्षकाचं पेन खाली पडलं. कुत्र्याला घेऊन चाललेली एक बाई जागच्या जागी थिजली. बाबांना हे ऐकून मनापासून वाईट वाटलं. वळणावर हॉर्न द्यायचा, ही घाटातली माणुसकी त्यांनी मला कुंभार्लीत शेजारी बसून शिकवली होती. दुसऱ्या दिवशी ते बाकावर संध्याकाळपर्यंत बसले आणि येऊन म्हणाले, "दिवसात एक हॉर्न नाही. मग यांना वळणावर कळतं कसं?" मी म्हटलं, हळू जातात. "हां. तेही एक आहे," ते म्हणाले.

पुढचे आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी आम्ही आयफेलच्या डोंगरात जायचो. मी चालवायचे, ते शेजारी. चढ, उतार, जंगल, खाली एखादं गाव. उतारावर गिअरमध्ये ठेव, ब्रेक जाळू नकोस. मागच्याला घाई असली तर जाऊ दे, त्याच्या घरी काही असेल. ते ओरडले एकदाही नाहीत. पासिंगच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि हात मागे बांधून, तपासनीस गाडीची चाकं रोलरवर चढवून ब्रेक बघत होता तिथे काचेपलीकडे उभे राहिले. तासाभराने नंबरप्लेटवर नवा गोल स्टिकर लागला. बाबांनी खिशातून रुमाल काढून तो पुसला. काट्रीनने त्यांना मिठी मारली आणि ते लाजले.

बाबांच्या परतीच्या दिवशी मी हट्ट धरला की फ्रँकफुर्टला रेल्वेने नाही, व्हॅननेच जायचं. माझा हिशोब असा की तीन तास दोघंच असू, तेवढ्यात बोलून टाकता येईल. कलोन गेलं, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वेस्टरवाल्डच्या टेकड्या सुरू झाल्या, तरी नाही. एका विश्रांतीच्या जागी बाबांनी थांबायला सांगितलं. मोठे ट्रक ओळीने उभे होते. आम्ही लाकडी बाकावर बसलो, थर्मासमधला चहा ओतला, फ्राऊ लेनार्ट्झनी बांधून दिलेला केक उघडला. केक तोंडात टाकून बाबा म्हणाले, "तू रजा नाही घेतलेलीस ना, नंदू? सोडून चाललीस."

मी कप बाकावर ठेवला. "काट्रीनने सांगितलं?"

"ती काय सांगणार? आमचं आपलं गेनाऊ."

"मग?"

"ते पुस्तक," बाबा म्हणाले. "जायचं सगळं वाचायचीस, यायचं एकदाही नाही. आज बघावं तर ते त्या टोकाला पोचलेले, आणि उद्या बघावं तर पुन्हा या टोकाहून निघतायत. मधे आले कधी? मी उभा जन्म ड्यूटीचा कागद बघितलाय. जायची फेरी लिहिली की तिच्या खाली परतीची लिहिलेलीच असते. मला इंग्रजी येत नाही, पण तू तीन-तीन पानं एकदम उलटायचीस ती दिसत होती."

खरं होतं. त्या पुस्तकात ते दरवेळी परत येतात. थकून, खिसे रिकामे करून घरी येतात, खातात, झोपतात. ती पानं मी बाबांसमोर गाळत होते. आणि मुळात मी पहिल्यांदा एकटीने वाचलं तेव्हाही ती भराभर उलटली होती, हे मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा समजलं. मला रडू आलं. ट्रकवाले बघत होते आणि मी केकचा तुकडा हातात धरून हुंदके देत होते.

"तुम्हाला माहीत होतं, तर गाडी कशाला दुरुस्त केलीत?"

"तू जाणारच होतीस. ब्रेक नसलेल्या गाडीतून गेली असतीस."

"तुम्ही डेपोत पेढे वाटलेत, बाबा."

"खाऊन झाले ते," बाबा म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं, फोमची खोली, कानातला आवाज, ड्रॉवरमधलं पत्र, ते पोस्टात टाकून निघायचा बेत. बाकी सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं, पत्रापाशी मात्र त्यांचा चेहरा बदलला. "हे नाही चालायचं. गाडी सोडायची तर डेपोत जाऊन, समोर उभं राहून किल्ली द्यायची. रस्त्यात लावून उतरून जायचं नाही. त्या साहेबाने तुझ्यावर तीन वर्षं घातलीत." मी म्हटलं, जाईन, समोर जाऊन सांगेन. "आणि पुढे? जाऊ की नको, तुम्हाला काय वाटतं?" बाबांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं, कप झटकले, केकचा कागद घडी करून खिशात ठेवला. "चल," ते म्हणाले, "विमान चुकेल."

प्रोफेसरांना मी त्याच आठवड्यात समोर बसून सांगितलं. ते रागावले नाहीत, उलट त्यांनी माझ्या मोजमापांच्या वह्या नीट लावून घेतल्या आणि माझ्यानंतर आलेल्या मुलाने त्यावर पुढे काम केलं. पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्र त्यांनीच दिलं. पत्र पोस्टात टाकून पळाले असते तर ते मागायला मला तोंड नसतं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी वेस्टरवाल्ड ते फ्रँकफुर्ट या रस्त्यात मला एवढंच माहीत होतं की मी विचारलंय आणि बाबांनी उत्तर दिलेलं नाही.

विमानतळाच्या वरच्या रॅम्पवर गाड्या दोन-चार मिनिटांच्या वर थांबू देत नव्हते. मी म्हटलं, तुम्ही उतरा, मी खाली गाडी लावून आत येते. "कशाला? येताना आलो तसा जाईन." त्यांनी बॅग उतरवली. मी रस्त्यातच वाकून पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. पिवळ्या जाकिटातला एक माणूस हात हलवत आमच्याकडे येत होता. मी पुन्हा गाडीत बसले, त्यांनी बाहेरून दार लावलं, नीट बसलंय का ते ओढून बघितलं आणि काचेतून दिसेनासे झाले. मला वाटलं, गेले. इंजिन चालू होतं, पाय क्लचवर होता आणि मला तो उचलता येईना. इतकी माझी हिंमत, बेफाम निघायची.

तेवढ्यात मागच्या बाजूने पत्र्यावर उघड्या पंजाचे दोन ठोके पडले. ठण, ठण. एसटीत घंटी वाजवायचा मान कंडक्टरचा. डबल बेल पडल्याखेरीज ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही आणि पडल्यावर उभं राहायचं नाही. बाबांनी आयुष्यभर ती पाठीमागून ऐकली होती, दुसऱ्या कोणासाठी वाजवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आरशात बघितलं तर ते बॅग उचलून काचेच्या दाराकडे चालले होते, मागे न बघता, ताठ.

मी पहिला गिअर टाकला.